कनू स्लॅलम व सार्वजनिक जलमार्गांवरील प्रवेशाधिकार

कनू स्लॅलम व सार्वजनिक जलमार्गांवरील प्रवेशाधिकार : सरकारी खजिन्यातून, स्थानिक संस्थांच्या करातून अथवा अन्य लोकनिधीतून बांधलेल्या वा सांभाळलेल्या खळाळत्या पाण्याच्या मार्गांवर कनू स्लॅलमच्या खेळाडूंना वाजवी शुल्कात, आगाऊ जाहीर झालेल्या वेळी आणि खेळास पुरेशा प्रवाहात सराव करण्याची मुभा असावी, असे हे तत्त्व आहे. वरकरणी हा एका अल्पसंख्य खेळाचा हट्ट वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे सर्वांच्या पैशाने सोडलेले पाणी कोणाच्या वाट्याला कोणत्या घटकेस यावे हा प्रश्न, पाटपाण्याच्या प्रदेशात वाढलेल्या मराठी वाचकास अपरिचित नाही.

खेळाचे स्वरूप : सुमारे २०० ते ४०० मीटर लांबीच्या वेगवान प्रवाहावर तारांना टांगलेल्या १८ ते २५ गेटांमधून ठरलेल्या क्रमाने नौका काढीत कमीत कमी वेळात शेवट गाठणे, हे स्लॅलमचे उद्दिष्ट होय. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गेटांतून प्रवाहाच्या दिशेने, तर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गेटांतून प्रवाहाविरुद्ध जावे लागते. गेटाच्या खांबास अंग, वल्हे वा नौका लागल्यास दोन सेकंदांचा, आणि गेट चुकल्यास पन्नास सेकंदांचा दंड एकूण वेळात मिळविला जातो. कयाकमध्ये खेळाडू बसून दोन पात्यांचे वल्हे चालवितो; कनूत तो गुडघे टेकून एकाच पात्याचे वल्हे वापरतो. खडकाच्या आडोशाला पाणी मागे फिरते, त्या उलट्या ओढीत नौकेचे नाक नेमक्या क्षणी घालून तिला जागच्या जागी वळविणे हे या खेळातील खरे कसब असून ते केवळ आवृत्तीने साध्य होते. त्याच चार गेटांतून सकाळभर खाली उतरावे, नौका खांद्यावर घेऊन काठाने वर चालत यावे आणि पुन्हा उतरावे, असा हा सराव असल्यामुळे खेळाडूस पाण्यावर केवळ प्रवेश मिळून भागत नाही. त्याला पाण्याचे सलग तास लागतात.

इतिहास : या खेळाचा आरंभ १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, बर्फावरील स्लॅलमच्या अनुकरणाने झाला. १९४९ मध्ये जिनिव्हा येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला आणि त्यासाठी आउग्सबुर्ग शहरात आइसकानाल हा कृत्रिम जलमार्ग बांधण्यात आला. प्रवेशाधिकाराचा प्रश्न त्याच वेळी एका विलक्षण रीतीने प्रकट झाला. पूर्व जर्मनीने या जलमार्गाची प्रतिकृती स्वतःच्या हद्दीत त्स्विकाउ येथे उभारली, आपल्या खेळाडूंना तीवर मनमुराद सराव दिला आणि त्या स्पर्धेतील चारही सुवर्णपदके पटकाविली. विशिष्ट पाण्यावरील तासांची संख्या हीच या खेळातील खरी दौलत होय, हे त्यानंतर कोणास पटवून देण्याची गरज उरली नाही. पुढे वीस वर्षे ऑलिंपिकच्या बाहेर राहून हा खेळ १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या निमित्ताने परत आला.

जलमार्ग व त्यांचा जमाखर्च : नैसर्गिक नदी, धरणाखालील प्रवाह आणि कृत्रिम जलमार्ग असे तीन प्रकार मानता येतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळचा १९८६ सालचा जलमार्ग ट्रेंट नदीच्या स्वाभाविक उतारावर चालतो. स्पेनमधील ला सेउ द उर्झेल येथे सेग्रे नदीकाठी १९९२ च्या स्पर्धेसाठी उभारलेल्या संकुलात पाणी वर चढविणारी यंत्रेच उलट चालवून वीजही निर्माण करता येते. लंडनच्या उत्तरेस ली व्हॅली येथील, २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ३०० मीटर लांबीच्या मार्गावर मात्र साडेपाच मीटरांचा उतार टिकविण्यासाठी पाणी अखंड उपसावे लागते. जेथे पंप आहे तेथे पाण्याच्या प्रत्येक तासाला विजेच्या देयकाची किंमत आहे, आणि तंट्याचे बीज येथेच पडते. हौशी पर्यटकांना त्याच प्रवाहातून नेणाऱ्या रॅफ्टच्या एका फेरीत सहा-आठ गिऱ्हाइके पैसे मोजून बसतात, तर स्लॅलमचा एकटा विद्यार्थी तेवढीच जागा अडवून नाममात्र शुल्क देतो. शिवाय रॅफ्टला वाट देण्यासाठी गेटे वर ओढावी लागतात आणि सरावासाठी ती पुन्हा खाली सोडून जुळवावी लागतात. अशा स्थितीत व्यवस्थापकाने दुपारचे आणि सुट्टीच्या दिवसांचे तास व्यवसायाला देऊन पहाटेचे वा थंडीतले उरलेसुरले तास खेळाकडे वळविले, तर त्याच्या हिशेबवहीपुरते ते चूक नसते. चूक असते ती मूळ करारात, कारण खेळाच्या नावाने लोकनिधी मंजूर करताना खेळासाठी किती तास राखून ठेवायचे, याची नोंद पुष्कळदा कोठेच केलेली नसते.

उलट टोकाचा अनुभवही विचारात घेतला पाहिजे. अथेन्समध्ये २००४ च्या स्पर्धेसाठी जुन्या विमानतळाच्या जागेवर समुद्राच्या पाण्यावर चालणारा मार्ग बांधण्यात आला, आणि स्पर्धेनंतर तो कोरडा, बेवारस पडला. याउलट रिओ द जानेरोत देओदोरो येथील मार्गाचे तळे तेथील गरीब वस्त्यांतील मुलांना २०१६ च्या ऑलिंपिकपूर्वीच पोहण्यासाठी खुले करण्यात आले होते. ली व्हॅलीचा मार्गही स्पर्धेच्या आधीच, २०११ मध्ये, सर्वसामान्यांना खुला झाला. केवळ स्लॅलमसाठी राखलेला मार्ग आपला खर्च भरून काढू शकत नाही, आणि स्लॅलमला परागंदा करणारा मार्ग आपल्या जन्माचे प्रयोजन विसरतो. ह्या दोहोंच्या मधली वाट आखणे म्हणजेच न्याय्य प्रवेशाची तजवीज करणे होय.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती : भारतात स्लॅलमच्या स्पर्धा नदीच्या वाहत्या पात्रांवर भरत आल्या आहेत. त्यांत मराठी मनाला जवळचे स्थळ म्हणजे अहिल्याबाई होळकरांची राजधानी महेश्वर. तेथून जवळच नर्मदा काळ्या खडकांतून असंख्य धारांनी फुटते, म्हणून त्या जागेला सहस्रधारा म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतील स्लॅलम येथेच झाले. वरच्या बाजूस ओंकारेश्वर धरण असल्यामुळे या धारांचा जोर धरणाच्या दारांवर आणि वीजगृहाच्या यंत्रांवर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात खळाळत्या पाण्याचा सर्वांत परिचित प्रवाह म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका. हिचे बारमाही पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरील मुळशी जलाशयातून येते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, त्याच धरणाचे पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजगृहातून कोकणात उतरत आहे. वीजगृह चालू होण्यापूर्वी काठावर उभे राहिले, तर पात्रात ओले दगड, शेवाळ आणि मधूनमधून साचलेली डबकी एवढेच दिसते. मग वरच्या वळणाआडून प्रथम नुसता आवाज येतो, दगडांच्या कडा एकेक करून बुडू लागतात आणि थोड्याच वेळात जेथे पाय टाकून ओलांडता येत होते तेथे रॅफ्ट उलटविण्याइतका ओघ वाहू लागतो. हे पाणी किती वाजता सुटेल हे विजेच्या मागणीवर ठरते. त्याच्या सुटण्यावर रॅफ्टिंगचे व्यावसायिक आपला दिवस बेततात. त्यामुळे या नदीवर सरावाची मागणी करणाऱ्या स्लॅलमच्या खेळाडूला काठावरच्या जागेपेक्षा पाणी सुटण्याच्या आगाऊ वर्दीचा आणि त्या वेळेतील वाट्याचा हक्क अधिक मोलाचा ठरतो.

कायद्याचा आधार : सार्वजनिक पैशातून सार्वजनिक हक्क उद्भवतो, हे तत्त्व मराठी मुलखात क्रीडेपेक्षा फार गंभीर प्रसंगी घडले आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेल्या आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने संमत केलेल्या ठरावाने, सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुल्या कराव्यात असे ठरले; तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पुढे भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने, राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः सांभाळलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व सार्वजनिक जागा यांच्या वापरात केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून मज्जाव करण्यास मनाई केली. माणुसकीच्या त्या लढ्याशी खेळाडूंच्या गाऱ्हाण्याची तुलना करणे औचित्याला धरून होणार नाही. शिवाय या अनुच्छेदातून एका खेळाला दुसऱ्याच्या बरोबरीने तास मागण्याचा हक्क निघत नाही. तो प्रश्न करारांचा, नियमावलीचा आणि प्रशासकीय न्यायबुद्धीचा राहतो. तरीही महाडचा एक धडा येथे उपयोगी आहे : ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही, अंमलबजावणीची तरतूद ठरावातच असावी लागते.

औंढा नागनाथ आणि पाळीची परंपरा : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे स्लॅलमचा जलमार्ग नाही, परंतु या प्रश्नाची दोन अंगे समजण्यास हे स्थळ उपयुक्त आहे. येथील ज्योतिर्लिंगाच्या मंदिरासंबंधी अशी आख्यायिका आहे की, संत नामदेव महाद्वारासमोर कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठवून मागच्या बाजूस जाण्यास सांगण्यात आले, आणि तेव्हा मंदिरच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मंदिराच्या पश्चिमाभिमुख द्वाराचे स्पष्टीकरण भाविक याच कथेने देतात. कथेतील मर्म असे की, नामदेवांना कीर्तनाची बंदी झाली नव्हती, त्यांना मागची जागा दिली होती. सार्वजनिक जलमार्गांवर स्लॅलमला होणारा अन्यायही बहुधा याच जातीचा असतो : फाटकावर कोणी अडवीत नाही, मात्र वेळापत्रकात त्याची जागा मागची असते.

दुसरे अंग पाण्याचे. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचे पाणी वीजगृहातून खाली उतरून औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणात येते, आणि तेथून कालव्यांनी हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांतील शेतांकडे जाते. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा जेमतेम ८१. म्हणजे खालचे धरण मुख्यतः वरून आलेले पाणी झेलून वाटून देण्याचे काम करते. ही वाटणी महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांच्या रूढ रीतीने चालते. शेतकरी नमुना ७ चा अर्ज करतो, हंगामातील आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात, आणि चारीवर शेजपाळी लागते. शेजपाळीत कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, हे आगाऊ लिहिलेले असते, आणि शेपटाकडच्या शेतापासून तोंडाकडे येण्याचा दंडक असतो, कारण तोंडाशी असलेल्याला पाणी आपोआपच दिसते, शेपटाकडचा मात्र विसरला जातो. हा दंडक सर्वत्र पाळला जातो असे कोणताही पाटकरी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दाद मागायची झाल्यास बोट ठेवायला कागदावर ओळ असते, हे त्याचे सामर्थ्य आहे.

न्याय्य प्रवेशाची अंगे : स्लॅलमची गरज याच साच्यात बसते, आणि शेतीपेक्षा ती सोपीही आहे, कारण नौकेखालून गेलेले पाणी एक थेंबही न घटता पुढच्या कालव्याला मिळते, येथे वाटून घ्यायचा असतो तो केवळ वेळ. त्यासाठी पुढील बाबी आवश्यक मानता येतील. बांधकामास निधी मंजूर करतानाच खेळासाठीचे वार्षिक तास करारात नमूद करावेत, आणि मक्ता खासगी चालकास दिला तरी ती अट मक्त्याबरोबर चालत राहावी. या तासांत सोयीच्या वेळांचाही वाटा असावा. शाळकरी मुलांना उपयोगी पडणार नाहीत अशाच घटका देऊन आकडा भरू नये. राष्ट्रीय संघाचे शिबिर, स्थानिक मंडळे आणि बाहेरगावचे खेळाडू यांच्यात पाळी ठरलेली असावी. धरणाखालील प्रवाहावर पाणी सुटण्याची वेळ व विसर्ग यांची जाहीर वर्दी द्यावी. ती क्रीडेइतकीच काठावरच्या वस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. जागेची निवड जाणकारांकडून व्हावी, कारण बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी मागे वळून माणसाला आत ओढते, आणि वरून शोभिवंत दिसणारा तो फेस जीवघेणा असतो. शेवटी, तक्रार कोणाकडे करावयाची आणि तिचा निकाल किती दिवसांत लागावा, हेही नियमांतच असावे.

या सर्व अटींत खर्चिक असे फारसे काही नाही. रब्बीच्या आवर्तनात शेपटाकडचा शेतकरी पाळीचा कागद पाहून कोणत्या रात्री बॅटरी आणि फावडे घेऊन चारीवर जायचे ते ठरवितो. पाणी कमी आले तर तो त्या कागदावर बोट ठेवून भांडू शकतो. स्लॅलमच्या खेळाडूलाही, ज्या पाण्यासाठी त्याच्या घरचा कर भरला गेला आहे त्या पाण्याच्या बाबतीत, असा एक कागद हवा असतो.