संकरित गोपालन (पैठण तालुका)

होल्स्टिन फ्रिजियन (गोठ्यात ‘एचएफ’) किंवा जर्सी वळूचे देशी गाईंत रेतन करून झालेल्या गाई दुधासाठी पाळणे. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने गोठवलेले वीर्य दारापर्यंत नेले आणि महाराष्ट्रात संकर रुळला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले त्रिवेणी’ ही तिहेरी संकराची गाय : निम्मे रक्त होल्स्टिनचे, उरलेले निम्मे जर्सी आणि गीरचे.

मराठवाड्यातल्या लाल कंधारीची ख्याती कष्टाळू बैलांसाठी; दूध घरापुरते. जायकवाडी धरणाचे पाणी आले, ऊस आला आणि बांधावरच्या चाऱ्यावर संकरित गाय पोसता येऊ लागली. पण इथे एक मेख आहे. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते गाईच्या शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय दुधाला उतरते, विण्याच्या वेळी बसते. म्हणून जाणता माणूस कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडतो, जोडीला मका नाहीतर मुरघास देतो.

बाजारात गाय ‘वीस लिटरची’ म्हणून विकली जाते. हा आकडा विल्यानंतरच्या ऐन भराचा. त्यावर हिशेब मांडणारा फसतो. नफा ठरतो दोन वेतांतल्या अंतरावर. गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा. विल्यापासून 85 दिवसांत गाय गाभण राहिली तर वर्षाला एक वेत मिळते. माज 21 दिवसांनी फिरतो. चारदा उलटली की 84 दिवस गेले, वेत पावणेपंधरा महिन्यांवर गेले, खुराक मात्र चालूच. संकरित गाईचा माज कधी मुका असतो, उन्हाळ्यात तर जास्तच. पहाटे गोठ्यात जाऊन बळस दिसतो का, दुसरीने अंगावर उडी घेतली तर ही उभी राहते का, हे पाहणे धारेइतकेच मोलाचे.

डेअरीवर दर ठरतो तो 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) या मापावर. एचएफचे दूध याच काठावर असते. वैरण कोरडी पडली की माप घसरते आणि पट्टीत रुपये कापले जातात. दुष्काळात विकतचा कडबा उरलेसुरले खातो.

गोऱ्ह्याचा प्रश्न वेगळा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसते, उन्हात तो लवकर धापतो. औताला त्याला कोणी मागत नाही. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. कालवडीच होण्याची शक्यता फार वाढवणारी लिंगनिश्चित वीर्यमात्रा महाग पडते, तरी तिला गिऱ्हाईक आहे ते यामुळेच.