एका तळटीपेने बदललेला अणू

१/१२
शालेय पुस्तकातील अणूचे चित्र आपणांस आठवत असेल: मधोमध अणुकेंद्र आणि भोवती ठरावीक कक्षांतून फिरणारे इलेक्ट्रॉन. १९१३ साली नील्स बोर यांनी मांडलेले हे प्रारूप पुढील तेरा-चौदा वर्षांत मागे पडले. त्याच्या जागी काय आले, आणि त्याचे बीज एका तळटीपेत कसे सापडते, त्याचा हा इतिहास.

२/१२
बोर यांचे प्रारूप हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा हिशेब उत्तम लावत असे. परंतु दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशी ते अडखळले. शिवाय ठरावीकच कक्षा का, याचे उत्तर त्यात नव्हते. तो नियम निसर्गावर बाहेरून लादल्यासारखा होता.

३/१२
१९२५ च्या अखेरीस एर्विन श्रोडिंगर स्वित्झर्लंडमधील आरोझा येथे मुक्कामास होते. तेथे ते ज्या तरंगसमीकरणावर विचार करीत होते, ते जानेवारी १९२६ मध्ये निबंधरूपाने प्रकाशनासाठी गेले. ताणलेली तार जशी ठरावीकच सूर देते, तशा या समीकरणातून हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या आपोआप निघाल्या. ते सोडवताना गणितज्ञ हर्मान वाइल यांचे साहाय्य श्रोडिंगर यांना झाले.

४/१२
समीकरणाच्या केंद्रस्थानी होते तरंगफलन, म्हणजे ‘साय’ या ग्रीक अक्षराने दर्शवलेली राशी. पण ही लाट कशाची? श्रोडिंगर यांना वाटे की इलेक्ट्रॉनचा विद्युतभारच अणुकेंद्राभोवती धुक्याप्रमाणे पसरलेला असावा. कल्पना मोहक होती. अडचण निघाली ती दुसऱ्याच प्रश्नातून.

५/१२
जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे माक्स बोर्न कणांच्या टकरींचा अभ्यास करीत होते. अणूवर आदळलेल्या इलेक्ट्रॉनची लाट गणितानुसार सर्व दिशांना पसरते. प्रयोगात मात्र इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी, आणि अखंड सापडतो. त्याचा निम्मा भाग इकडे, निम्मा तिकडे असे कधीही आढळत नाही.

६/१२
जून १९२६ मधील निबंधात बोर्न यांनी सुचवले की ही लाट संभाव्यतेची आहे. मूळ मजकुरात संभाव्यतेचा संबंध त्यांनी थेट लाटेच्या सहगुणकाशी जोडला होता. मुद्रिते तपासताना तळटीप जोडली गेली: अधिक काटेकोर विचार करता संभाव्यता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विसाव्या शतकातील एक मूलभूत नियम असा पानाच्या तळाशी अवतरला.

७/१२
बोर्न यांचा विचार टकरींपुरता होता. इलेक्ट्रॉन अवकाशात कोठे सापडेल, या प्रश्नाला तोच नियम लागू असल्याचे वोल्फगांग पाउली यांनी १९२७ मध्ये मांडले. तरंगफलनाच्या केवल मूल्याचा वर्ग म्हणजे संभाव्यता घनता. ‘घनता’ अशासाठी की ती दर एकक आकारमानामागे मोजतात. घनतेला जागेच्या आकारमानाने गुणले की त्या जागेत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता मिळते.

८/१२
आता हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीकडे पाहू. तेथे ही घनता सर्वाधिक असते ती थेट अणुकेंद्रापाशी, आणि दूर जावे तशी ती झपाट्याने घटते. मग इलेक्ट्रॉन बहुधा केंद्रातच सापडेल काय? येथेच पुष्कळांची गल्लत होते.

९/१२
जत्रेची कल्पना करा. देवळाच्या दाराशी दाटी सर्वांत जास्त, पण तेथे जागाच थोडी. देवळाभोवती एकाच रुंदीची वर्तुळाकार कडी आखत गेल्यास बाहेरच्या कड्यांत दाटी कमी, पण जागा अधिक. म्हणून सर्वाधिक माणसे मधल्याच एखाद्या कड्यात भरतात. अणूत कड्यांऐवजी गोलाकार कवचे घ्यावी लागतात, एवढाच फरक.

१०/१२
हा हिशेब केला की इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ०.५२९ अँगस्ट्रॉम अंतरावरील कवचात सर्वाधिक येते. हीच बोर यांच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या! मात्र त्या अंतराच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि दुप्पट अंतराच्या आत सुमारे ७६ टक्के. उरलेली त्याही पलीकडे. अणूला काठ असा नाहीच.

११/१२
हे सर्वांना रुचले नाही. डिसेंबर १९२६ मध्ये आइन्स्टाइन यांनी बोर्न यांना लिहिलेल्या पत्रात, देव फासे खेळत नाही अशी आपली खात्री कळवली. एकेका घटनेचे भाकीत करता येत नसेल, तर विज्ञानाचे ज्ञान अपुरे आहे की निसर्गच तसा आहे? दोघांची मैत्री टिकली; मतभेदही अखेरपर्यंत टिकला.

१२/१२
बोर्न जन्माने ज्यू. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना अध्यापनातून दूर केले. १९३५-३६ च्या हिवाळ्यात सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. पुढे एडिनबरोला स्थिरावले. हायझेनबर्ग, श्रोडिंगर आणि डिरॅक यांना १९३३ पर्यंत नोबेल मिळाले होते. बोर्न यांना ते १९५४ मध्ये, वाल्थर बोटे यांच्यासमवेत, आणि प्रामुख्याने याच संभाव्यतेच्या अर्थासाठी मिळाले. तळटीप पानावरून मानपत्रापर्यंत पोहोचायला अठ्ठावीस वर्षे लागली.