चाकांवरील घराचा बंब

अमेरिकेंत घराला चाकें लावून देशभर हिंडण्याची हौस शंभराहून अधिक वर्षांची आहे. मोटारीच्या मागें जोडलेली ती खोली आरंभीं केवळ निजण्यापुरती असे. पुढें तींत चूल आली, दिवे आले, आणि सरतेशेवटीं स्नानाचें ऊन पाणीही आलें. आज 'आर. व्ही.' या दोन अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या या फिरत्या घरांत बहुधा सहा किंवा दहा गॅलनांचा एक बंब भिंतींत बसविलेला असतो. सहा अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारें २३ लिटर. महाराष्ट्रांतील तांब्याच्या बंबाला मधल्या नळींतील निखारे तापवीत. येथें गॅसची ज्योत किंवा विजेची कांब तें काम करते. पण या बंबाच्या कांहीं जातींचें खरें वेगळेपण त्यांच्या बुचांत आहे. पाणी काढून टाकण्यासाठीं तळाजवळचें बूच फिरवून ओढलें कीं त्याला जोडलेली वीतभर लांबीची धातूची कांडी हातीं येते, आणि वापरानंतर ती किडीनें खाल्लेल्या काटकीसारखी दिसते. नवखा मालक हवालदिल होतो. वस्तुतः कांडी खाल्ली गेली, म्हणूनच बंब वाचला!

या कांडीची कथा समुद्रावर सुरू होते. लांकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाजाचें रक्षण व्हावें म्हणून ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं जहाज तपासलें, तेव्हां तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे कित्येक ठिकाणीं पार खाऊन गेलेले आढळले. मौज अशी कीं, पत्र्यांच्या बांधणीचा तपकिरी कागद जेथें मध्यें राहून गेला होता, तेथले खिळे धडधाकट निघाले. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस चिकटून राहिले कीं एक झिजतो व दुसरा राखला जातो. या दोषाचाच गुण करून घेण्याची युक्ति सुचण्यास मात्र आणखी साठ वर्षें जावीं लागलीं.

ती युक्ति सर हंफ्री डेव्ही यांची. खाणींतील सुरक्षित दिव्यामुळें त्यांचें नांव आधींच गाजलेलें होतें. समुद्राच्या पाण्यांत तांब्याचे पत्रेही हळूहळू झिजत, म्हणून आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस उपाय विचारला. जानेवारी १८२४ मध्यें रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचें टोंक तांब्याला जोडलें, तर चाळीस-पन्नास चौरस इंच पत्रा राखला जातो. झीज सोसावी लागते ती जस्ताला किंवा लोखंडाला. परीक्षेसाठीं घेतलेल्या जहाजांपैकीं 'समरंग' हें कोचीन येथें सागवानांत बांधलेलें होतें. लोखंडाचे रक्षक तुकडे लावून तें नोव्हा स्कोशियाला जाऊन आलें, आणि तांबें उत्तम राहिलें.

पण येथेंच डेव्हींचें दैव फिरलें. विरघळणारें तांबें समुद्रांतील जीवांना विषासारखें; त्याच्यामुळेंच शेवाळ व कवचाचे लहान प्राणी तळाला चिकटत नसत. झीज थांबली तसें विषही थांबलें, आणि या पाहुण्यांच्या ओझ्यानें जहाजांची गति मंदावली. १८२५ सालीं समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून हे तुकडे काढण्याचा हुकूम सुटला, आणि डेव्हींची टवाळी झाली. १८२९ सालीं ते जिनीव्हा येथें निवर्तले. त्यांचें रसायनशास्त्र बिनचूक होतें. जागा तेवढी प्रतिकूल निघाली.

अनुकूल जागा पुढें मिळाली ती बंद टाकीच्या अंधारांत. घरगुती तापकांचा इतिहास येथें थोडक्यांत पुरे. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉगन नांवाच्या रंगाऱ्यानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढून त्यास आइसलँडच्या उष्ण कारंज्यावरून 'गीझर' हें नांव दिलें (धूर बाहेर जाण्याची वाटच त्यांत नव्हती!), १८८९ सालीं पिट्सबर्ग येथें एडविन रूड या नॉर्वेजियन अभियंत्यानें आपोआप चालणारी साठवणीची टाकी तयार केली. पोलादी टाक्या गंजत. १९३६ सालीं मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीनें टाकीला आंतून कांचेचा मुलामा देण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. पण मुलाम्याला सूक्ष्म छिद्रें राहतातच, आणि पाणी नेमकें तेथून पोलाद गांठतें. त्या छिद्रांचा पहारा डेव्हींच्या युक्तीवर सोंपविण्यांत आला: टाकींत मॅग्नेशियमची कांडी सोडली, आणि पोलादाऐवजीं ती झिजूं लागली. तेथें जहाजाचे ते चिकट पाहुणे कोठून येणार?

कांडी संपते, पण संपल्याची वर्दी देत नाहीं. स्थिर घरांतील टाकीच्या माथ्यावर ती वर्षानुवर्षें विसरली जाते. फिरत्या घराच्या बंबांत ती बुचालाच जोडली, हें करणाराचें मोठें शहाणपण. कारण तो बंब रिकामा करणें भागच असतें. हिंवाळ्यांत गाडी महिनोन्महिने उभी राहते, पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें आणि टाकी फोडतें. शिवाय गांवोगांवच्या जड पाण्यानें तळाशीं चुन्याचीं पुटें बसतात. तीं सैल करण्यास तिकडे शिरका वापरतात. घासलेल्या बंबाला चिंच लावणाऱ्या आपल्याकडील गृहिणींना आंबटाचा हा गुण नवा नाहीं.

रिकामें करण्यापूर्वीं गॅस व वीज बंद करून पाणी पुरतें निवूं द्यावें, पंप थांबवावा, आणि ऊन पाण्याचा नळ व संरक्षक झडप उघडून दाब उतरवावा. ही झडप डेनी पापँ यांच्या १६७९ सालच्या वाफेच्या भांड्याची वंशज. ती सुमारें ९९ अंश सेल्सियसला किंवा चौरस इंचास १५० पौंड दाबाला उघडते. दाब असतां बूच सोडणाऱ्याचे हात भाजतात. मग तळ पाण्याच्या झोतानें धुवावा, आणि कांडीचा तीन-चतुर्थांश भाग गेला असेल तर नवी घालावी. तिच्या जागीं साधें बूच बसविलें तर गळती थांबते खरी, परंतु त्या दिवसापासून पोलाद झिजूं लागतें. ॲल्युमिनियमच्या टाकीचे बंब निराळे. त्यांत कांडी नसते, व घालूंही नये.

पुन्हां भरतांना ऊन पाण्याचा नळ उघडाच ठेवतात. प्रथम फुसफुसत हवा येते, मग तुटक पाणी, मग अखंड धार. ती धार लागण्यापूर्वीं विजेचें बटण दाबलें, तर आंतील कांब कोरड्यांत तापून क्षणांत जळून जाते.