मुंग्यांना आधी कळलेला आजार

गेल्या वर्षी चार महिन्यांत तीनदा मी मेडिकलवर गेलो. गर्दी पांगेपर्यंत कोपऱ्यात उभा राहायचो, मग हळूच म्हणायचो, "खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ट्यूब लावली की आठ दिवस बरं, मग पुन्हा लाली, पांढरा थर, कातडीला चिरा. वय ३१. भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती माझ्यासाठीच रंगवल्यासारख्या वाटायला लागल्या. बायकोला संशय येईल म्हणून मी हॉलमध्ये झोपायला लागलो.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "शुगर कधी केलीय?" कधीच नव्हती केली. उपाशीपोटी २१२ आली.

नंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा धागा फार जुना आहे. प्रमेहाच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये लघवीला मुंग्या लागणं चरकसंहितेत नोंदलेलं आहे. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरनं अशी लघवी मधासारखी गोड असल्याचं लिहिलं. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सननं ती आटवून तळाशी उरलेली साखरच दाखवली. आणि १८६४ मध्ये जर्मनीत फ्रीडराइशनं मधुमेहींच्या गुप्तांगावर आढळणाऱ्या बुरशीबद्दल लिहिलं. म्हणजे माझी 'लाज' दीडशे वर्षांपूर्वीच वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आली होती!

कारण साधं आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत शोषून घेता येत नाही, उरलेली लघवीत उतरते. कँडिडा ही बुरशी अनेकांच्या अंगावर एरवीही असतेच. तिला ओल, ऊब आणि वर साखर मिळते. वाढलेल्या साखरेमुळे आपली प्रतिकारशक्तीही ढिली पडते. बाईच्या बाबतीतही हेच होतं. यात चारित्र्याचा काही संबंध नाही.

गोष्ट इथे संपली नाही. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते दिलं की लघवीत साखर उतरते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंगनं दाखवलं. त्याच वाटेनं पुढे डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. युरोपात तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा चांगला उपयोग होतो, पण बुरशीलाही आयतं खाणं मिळतं.

मला हीच गोळी सुरू झाली आणि खाज परतली. मी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. दीड महिन्यात साखर पुन्हा चढली. शुगरच्या डॉक्टर मॅडमना खरं सांगताना मान खाली होती. त्या म्हणाल्या, "अहो, हे आम्हाला रोज ऐकावं लागतं. बंद करण्याआधी फोन करायचा."

त्यांनी गोळी बदलली, बुरशीवरचं औषध पूर्ण दिवस घ्यायला लावलं, रोज साध्या पाण्यानं धुऊन कोरडं ठेवायला सांगितलं. मेडिकलवरच्या मिश्र स्टिरॉइड ट्यूबनं बुरशी दबते आणि आणखी पसरते, हेही सांगितलं. बायकोलाही त्रास होता, तिची तपासणी झाली. तीही महिनाभर गप्पच होती, माझ्यासारखीच.

आता मी हॉलमध्ये झोपत नाही. आणि तुम्ही तिसऱ्यांदा तीच ट्यूब आणायला निघाला असाल, तर आधी लॅबमध्ये जा.