वसंतातील खाडी आणि कृत्रिम आमिषाची निवड

पुण्याला समुद्र नाही; परंतु स्वारगेटच्या एस.टी. स्थानकातून दापोली, चिपळूण, रत्नागिरीकडे सुटणाऱ्या गाड्या शहरातील हौशी मासेमाराला काही तासांत खाडीकाठी पोहोचवितात. होळीनंतर थंडी ओसरते आणि कोकणातल्या नद्या आटू लागतात. गोड्या पाण्याचा लोंढा कमी झाल्याने भरतीचे खारे पाणी खाडीत दूरवर शिरते. त्यामागोमाग बोय, कोळंबी आणि त्यांच्या पाठलागावर असणारे जिताडा, तांबोशी यांसारखे शिकारी मासेही आत येतात. गरवण्यासाठी हा काळ अनुकूल असला, तरी आमिष चुकले तर दिवस वाया जातो.

आमिषांचे प्रकार

कृत्रिम आमिष हे माशाच्या भुकेइतकेच त्याच्या डोळ्यांना आणि अंगावरील पार्श्वरेखेला फसविते. पाण्यातील कंपने या रेषेतील संवेदी पेशींना जाणवतात. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडापासून जखमी माशासारखे लटपटणारे आमिष बनविले. आजच्या लाकडी व प्लॅस्टिकच्या ‘मिनो’मागे हेच तत्त्व आहे. मिनोच्या तोंडाशी असलेली जीभ आखूड व उभी असेल, तर तो पृष्ठभागालगत पोहतो. लांब व आडवी असेल, तर खोल जातो. ‘पॉपर’ पाण्यावर तरंगत खळखळ आवाज करतो. शिशाच्या डोक्याला लावलेला रबरी मासा तळालगत चालविता येतो, तर धातूचा चकचकीत ‘स्पून’ वाऱ्यातही दूर फेकता येतो.

तिथी, पाणी आणि वजन

आमिष निवडण्यापूर्वी पंचांग पाहावे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. उदाहरणार्थ, अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. नेमकी वेळ मात्र त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. प्रवाह जोराचा व पाणी गढूळ असते. अशा वेळी १५ ते २५ ग्रॅम वजनाचे, ठळक रंगाचे, शेपटी जोराने हलविणारे आमिष उपयोगी पडते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी संथ व तुलनेने निवळ असते. तेव्हा ७ ते १० ग्रॅमचा, बोयीच्या पिलासारखा रुपेरी किंवा कोळंबीसारखा तपकिरी रबरी नमुना पुरेसा होतो. वाशिष्ठीच्या खाडीला हा हिशेब जसाच्या तसा लागू करू नये. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले गोडे पाणी याच नदीत येत असल्याने तेथील क्षारता व पातळी उन्हाळ्यातही बदलते.

रंगापेक्षा आकार महत्त्वाचा. काठाला पोहणारी पिले जेवढी असतील, तेवढेच आमिष घ्यावे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात काळपट आमिषाची आकृती खालून पाहणाऱ्या माशाला स्पष्ट दिसते. लाल रंग तर स्वच्छ पाण्यातही काही मीटर खोलीवर काळसर भासतो.

तिवरांच्या मुळांजवळ व खडकांत उघड्या गळाचे आमिष अडकते. तेथे गळाचे टोक रबरात झाकलेला नमुना घ्यावा. जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणे धारदार असतात. म्हणून आमिषापुढे दोन-तीन हात जाड तंगूस बांधावी. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो व हलके आमिष नीट फेकता येत नाही. त्यामुळे पहाटेची वेळ उत्तम. एस.टी.च्या प्रवासात तीन-चार तुकड्यांत सुटी होणारी काठी सोयीची पडते.

मोठा मासा कोणाचा?

जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे गळाला लागलेला सर्वांत मोठा जिताडा ही बहुतेक वेळा मादीच असते. पावसाळ्याच्या सुरुवातीस खाडीच्या मुखाशी तिने सोडलेल्या अंड्यांवर पुढील पिढी अवलंबून असते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात असलेल्या मासेमारीबंदीमागेही माशांच्या प्रजननाचाच विचार आहे. वसंतात पकडलेली मोठी मादी त्या बंदीपूर्वीच नाहीशी होते.

कृत्रिम आमिषाचा खरा लाभ येथे दिसतो. सजीव आमिष मासा गिळून टाकतो व गळ पोटात रुततो. कृत्रिम आमिष बहुधा ओठातच अडते. तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावावा व त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा ओल्या हातांनी, दोन्ही बाजूंनी आधार देऊन धरावा आणि शक्यतो पाण्यातच सोडवावा. घरी न्यायचाच असेल, तर मध्यम आकाराचा एखादा पुरे. तुटलेली तंगूस व रबर किनाऱ्यावर टाकू नये. उधाणाच्या दिवशी खडकावर उभे राहण्यापूर्वी परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हेही पाहून ठेवावे.