गोठा आणि मळा यांमधील अंतर

केरी या नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत. फोंड्याची केरी श्रीविजयादुर्गेमुळे भाविकांस परिचित आहे. सत्तरीची केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी वसली आहे, तर पेडण्याची केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, पैलतीरावरील किल्ल्यासमोर आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः पेडण्याच्या केरीचा व तिच्या आसमंताचा विचार करावयाचा आहे. परंतु सत्तरीच्या केरीस वगळून तो पुरा होणार नाही. याचे कारण पुढे ओघाने येईलच.

विषय साधा आहे. गाईच्या शेणावर वाढलेली भाजी आपण निर्धास्तपणे खातो, ती कशाच्या बळावर? शेण पवित्र आहे म्हणून, असे उत्तर कित्येक जण देतील. पवित्रतेचा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे व त्यात येथे शिरावयाचे नाही. पंचगव्यात गोमय आहे हे खरे. परंतु पंचगव्य हे प्रायश्चित्ताचे द्रव्य आहे, नित्याचे अन्न नव्हे, हेही तितकेच खरे. आपल्या पूर्वजांनी शेणाला मान दिला, त्याचबरोबर त्याला मर्यादाही घातली. तो मान आपण जपला आणि मर्यादा विसरलो, असे माझे मत आहे.

ही मर्यादा कोणती, हे समजण्यासाठी जुन्या शेतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणले पाहिजे. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वीच डिचोली व सत्तरी त्यांच्या हाती गेल्या होत्या. राज्य बदलले तरी नांगर व गोठा बदलला नाही. उन्हाळ्यात काजू-आंब्याचा पातेरा गोळा करावयाचा आणि पावसाळ्यात तो गोठ्यात गुरांखाली अंथरावयाचा. शेण, मूत्र व पाला यांचा तो थर उपसून खताच्या खड्ड्यात टाकावयाचा, ही रीत घाटाखालच्या सर्व मुलखात चालत आली. कोंकणीत ज्याला 'सारें' म्हणतात ते हेच. आषाढात खड्ड्यात पडलेले शेण सरदाच्या भातासाठी शेतात जाई ते पुढल्या वैशाखात. कार्तिकात भात कापून झाल्यावर मळ्यांत मिरची, मुळा, तांबडी भाजी, वांगी, वाल यांची लागवड होई, तेव्हाही खड्ड्याच्या तळचे जुने, काळे, भुसभुशीत झालेले खतच वापरीत. ओले शेण मिरचीच्या मुळाशी घातले तर रोप करपते, हे शेतकऱ्यास ठाऊक होते. रोपाच्या रक्षणासाठी पाळलेला नियम खाणाऱ्याचेही रक्षण करीत होता, याची जाणीव त्याला असो वा नसो. वाफे भाजण्याची कोकणातील रीतही अशीच आहे. शेण, पाला व कवळ जमिनीवर जाळून त्या राखेत बी पेरावयाचे. तेथे काळाचे काम अग्नी करी.

ही केवळ अडाणी वहिवाट नव्हती. तिला ग्रंथाधारही आहे. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात खताचे स्वतंत्र प्रकरण आहे. माघ महिन्यात शेणाच्या ढिगाची पूजा करून तो कुदळीने उकरावा, उन्हात वाळवून त्याचा चुरा करावा, फाल्गुनात शेताशेतांतील खड्ड्यांत तो ठेवावा आणि पेरणीच्या वेळी पसरावा, असा त्या विधीचा आशय आहे. पेरणीस वैशाख उत्तम व ज्येष्ठ मध्यम, असे तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे ढीग उकरल्यापासून तो बियाच्या शेजारी जाईपर्यंत तीन-चार महिने लोटावयाचे, आणि पीक हाती येण्यास आणखी अवधी लागावयाचा. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत आज असे सांगितले आहे की, कच्चे शेणखत घातल्यावर मातीशी संबंध येणारे पीक १२० दिवस व इतर पीक ९० दिवस काढू नये. दोन्ही गणिते सर्वस्वी सारखी नाहीत. एक ढिगापासून मोजते, दुसरे शेतात खत घातल्यापासून. पण दोहोंचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, तो म्हणजे काळ. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसविली, तीतही पाला व शेण यांचा ढीग आतून तापू देणे व तो पुनःपुन्हा परतणे यालाच महत्त्व होते.

काळाच्या जोडीला स्थळाचेही अंतर होते. भात कापले की गावची गुरे मोकळी सुटत; म्हणून मळ्याला काट्याकुट्यांची 'वंय' घालणे ज्याचे त्याला भाग होते. वंय मोडून आत शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाई. केरीसारख्या खाडीकाठच्या गावी नदीचे पाणी खारे. मळा शिंपावयाचा तो विहिरीच्या नाहीतर तळीच्या पाण्यावर. त्यामुळे ते पाणी गुरांच्या पायांपासून राखणे ही चैन नव्हती. ज्या गावी देवळाच्या तळीत गुरे धुण्यास मनाई होती, त्या गावच्या महाजनांनी नकळत एक आरोग्याचा कायदाच केला होता. तिसरे अंतर होते ते चुलीचे. तांबडी भाजी शिजवूनच खावयाची. खतखते तर नावाप्रमाणेच खतखतणारे. कच्चे खाल्ले जाई ते काकडी, मुळा, कोथिंबीर आणि तीर्थाबरोबरचे तुळशीचे पान, एवढेच.

ही घडी मोडली ती एका दिवसात नव्हे. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा बटाटे हॉलंडहून आणि तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून आणण्याची पाळी पोर्तुगीज सरकारवर आली. पंजीच्या बाजाराचे डोळे त्या काळात दूर समुद्राकडे लागले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, रस्ते खुले झाले आणि बेळगावची भाजी विनासायास उतरू लागली. त्याच काळात डिचोली-सत्तरीचा तरुण लोहखनिजाच्या खाणींकडे वळला. गोठे ओस पडले. गोठा गेला तसा खताचा खड्डा गेला आणि खड्ड्याबरोबर मळाही. आज बेळगावचे ट्रक चोर्ला घाट उतरून सत्तरीच्या केरीवरून साखळी-डिचोलीकडे जातात. ती पालेभाजी कोणत्या पाण्यावर वाढली, तिला कोणते खत कधी घातले, हे विचारावयास गिऱ्हाइकापुढे शेतकरीच नसतो. पूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची घेताना विकणारीला निदान तिच्या मळ्याची चौकशी करता येत असे.

इतक्या चौकशीची आवश्यकता काय, असे कोणी म्हणेल. २००६ साली अमेरिकेत पालकाची कच्ची पाने खाऊन सुमारे दोनशे माणसे आजारी पडली व तीन दगावली. कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. 'ई. कोलाय ओ १५७' हा तो जंतू. गुराच्या आतड्यात तो सुखाने नांदतो आणि गुराला त्याचा काही त्रास होत नाही. तपासात तोच जंतू कॅलिफोर्नियातील पालकाच्या शेतानजीकच्या एका कुरणात, गुरांच्या शेणात व रानडुकरांच्या विष्ठेत सापडला. २०१८ साली अमेरिकेतच सॅलडच्या पानांमुळे २१० जण आजारी पडले, पाच मृत्यू पावले. तेव्हा तो जंतू शेते भिजवणाऱ्या कालव्याच्या पाण्यात मिळाला, आणि त्या कालव्याशेजारी गुरांचा प्रचंड गोठा होता. गोठा, पाणी व पान यांमधील अंतर तुटले की काय होते, याचे हे उदाहरण. आपल्याकडे याहून मोठे भय माणसाच्या सांडपाण्याचे आहे, हे मी नाकारीत नाही. विषमज्वर गाईपासून येत नाही. पण रानडुकरे पेडण्या-सत्तरीतही मळे उकरतात, आणि तिळारीचे कालवे आता डिचोली-पेडण्यापर्यंत आले आहेत. कालव्याचे पाणी विहिरीसारखे राखता येत नाही.

त्याच वर्षी, २०१८ च्या जुलैत, मासळीतील फॉर्मेलिनच्या संशयावरून सारा गोवा ढवळून निघाला होता. रसायन म्हटले की आपण दचकतो. 'नैसर्गिक' म्हटले की डोळे मिटतो. हल्ली नैसर्गिक शेतीत जीवामृताचा मोठा बोलबाला आहे. ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व मूठभर माती पाण्यात कालवून दोन दिवस आंबवावयाचे व आठवडाभरात संपवावयाचे. जमिनीला त्याचा लाभ होत असेल. नारळी-पोफळीला ते घालण्यास हरकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु तेच गाळून काढणीला आलेल्या कोथिंबिरीवर फवारणे आणि वर प्राचीन परंपरेचा दाखला देणे, हे मात्र पटत नाही. ज्या परंपरेचा दाखला द्यावयाचा, तिच्याच ग्रंथात शेण माघापासून वाळत ठेवावयास सांगितले आहे. दोन दिवस म्हणजे माघ ते वैशाख नव्हे.

देवस्थानांना हा विषय परका मानता येणार नाही. महाप्रसादाच्या पंक्तीत कोशिंबीर असते, पंचामृतात न तापवलेले दूध असते, आणि तीर्थाबरोबर तुळशीचे पान शेकडो मुखांत कच्चेच जाते. देवस्थानांच्या स्वयंपाकघरांसाठी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'भोग' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याचा भर मुख्यतः स्वयंपाकघरावर आहे. मळ्यापर्यंत जावयाचे ते देवस्थानानेच. ज्या देवळापाशी थोडीबहुत जमीन व दोन गाई आहेत, त्याला तुळशीचे वृंदावन, काकडीचा मांडव व खताचा खड्डा यांची मांडणी स्वतःच्या डोळ्यांसमोर करता येते: खड्डा विहिरीच्या उतारावर खाली, वर्षाचे खत वर्षानंतर, आणि तुळशीला शेणपाणी न घालता जुने सारें. याला पैसा फारसा लागत नाही. खड्डे मात्र दोन लागतात, एक भरावयाचा व एक मुरावयाचा.

गोरवांच्या पाडव्याला गोठ्यात शेणाचा गोवर्धन मांडतात, गुरांना माळा घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. तो दिवस कार्तिकातला, म्हणजे मळ्याची लागवड तोंडावर आलेली असते आणि आषाढातला खड्डा चार महिने मुरलेला असतो.