गांधीजींनी सूट दिलेली मशीन

१९३८ साली ‘हिंद स्वराज’ची नवी इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंनी तिची प्रस्तावना वर्ध्याहून लिहिली. यंत्रसंस्कृतीवर तुटून पडणारं गांधीजींचं हे पुस्तक. त्याच्या दारातच महादेवभाईंनी चौदा वर्षांपूर्वीचं एक संभाषण आणून बसवलं. १९२४ मध्ये दिल्लीत जी. रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याने गांधीजींना विचारलं होतं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? शरीर हेही यंत्रच, चरखाही यंत्रच, असं सांगून गांधीजींनी आपला विरोध यंत्राच्या वेडाला आहे हे स्पष्ट केलं. आणि सूट द्यावी अशा यंत्राचं उदाहरण म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. बायको हाताने शिवत बसते, तिचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने प्रेमापोटी ही मशीन केली, असं ते म्हणाले.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत किंवा शेजारच्या सिंदी मेघेत ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या घरांत काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या मशिनी अजून चालतात. त्यांचं कूळ शोधायला गेलं की गांधीजींनी सांगितलेल्या गोष्टीशीच पहिली गाठ पडते. आणि ती गोष्ट सिंगरला लागू होत नाही.

आयझॅक सिंगर हा फिरता नट. १८५० मध्ये बोस्टनच्या ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात त्याने दुसऱ्यांच्या एका नादुरुस्त रचनेवर हात घातला आणि थोड्याच दिवसांत नवी मशीन उभी केली. १२ ऑगस्ट १८५१ ला तिला पेटंट मिळालं. त्याची एकाच वेळी अनेक घरं होती. बायकोवरच्या मायेचा दाखला म्हणून त्याचं नाव घेण्याजोगं नव्हतं. पत्नी लोकांचे कपडे शिवून घर चालवते आणि नवरा यंत्राच्या ध्यासात बुडालेला, ही कथा सांगितली जाते ती एलियास हाऊची. टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा, या जोडीचं पेटंट हाऊने १० सप्टेंबर १८४६ ला घेतलं होतं. हाऊने सिंगरवर दावा लावला आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. त्याही आधी, १८३० मध्ये, बार्थेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने मशीन केली होती. १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून मशिनी फोडल्या, कारण पोट जाईल ही भीती खरी होती. यंत्राने माणसांचं काम जाईल या गांधीजींच्या काळजीच्या अगदी जवळची ही भीती आहे.

म्हणजे तपशील चुकीचा होता. निवाडा मात्र बरोबर होता, असं मला वाटतं. त्याचं कारण सिंगरच्या मनात सापडत नाही, ते मशीनच्या पोटात सापडतं.

१८५६ मध्ये मोठ्या मशीनवाल्यांनी आपली पेटंटं एकत्र बांधली आणि प्रत्येक मशीनवर कर बसवला. त्यातलं शेवटचं महत्त्वाचं पेटंट १८७७ मध्ये संपलं आणि रचना मोकळी झाली. सिंगरने पुढे आपल्या मशिनींना वर्गाचे आकडे दिले. जुन्या घरांत सापडणाऱ्या लांब, होडीसारख्या शटलच्या मशिनी २७ आणि २८ या वर्गांतल्या. पण आपल्याकडे ज्या मशीनचा वंश खरा वाढला ती वर्ग १५. गोल बॉबिन, डाव्या बाजूने बसणारी बॉबिन केस आणि अर्धा फेरा मारून परत येणारं शटल, ही तिची ओळख. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात त्या ढिगांनी बनत, म्हणून पाटीवर आकड्यापुढे ‘के’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नसरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाने सिंगरचा इथला धंदा विणला. हप्त्याने विक्री हे कंपनीचं जुनं हत्यार, १८५६ पासूनचं. इथे ते शिंप्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं. गावगाड्यातला हा अलुतेदार हाताने टाके घालायचा. त्याने मशीन घेतली ती पायाने चालणारी, आणि घेतली ती स्वतःच्या मालकीची.

वर्ध्याच्या बाबतीत याला आणखी एक धागा आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला, १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल उभी राहिली. सरकी काढण्यापासून कापड विणण्यापर्यंत बरंचसं काम वाफेच्या मोठ्या कारखान्याकडे गेलं. शेवटचं काम, कापडाचा कपडा करण्याचं, तेवढं घरात किंवा टपरीत राहिलं. ते तिथे टिकलं याचं बरंचसं श्रेय पायडलच्या मशीनला द्यायला हवं.

वर्ग १५ ची रचना मोकळी असल्यामुळे ती उचलणं सोपं होतं. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने भारतीय मशीन काढली. उद्योगपती लाला श्रीराम यांनी हा कारखाना पुढे हाती घेतला. मशीनचं नाव ‘उषा’. युद्धात किलबोवीवर बॉम्ब पडले, स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली, आणि लुधियानाच्या छोट्या कारखान्यांतून तशाच मशिनी निघू लागल्या. म्हणून आजीच्या सिंगरची बॉबिन केस बहुधा लुधियानाच्या मशीनमध्ये बसते. सुईही तीच लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या किती वस्तूंना आज बाजारातून नवा सुटा भाग मिळतो?

रामचंद्रननी त्या संभाषणात आणखी एक अचूक प्रश्न विचारला होता. शिलाई मशीन हवी तर ती बनवायला विजेवर चालणारा कारखानाही लागणार. गांधीजींनी ते मान्य केलं. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, एवढी अट घातली. ती अट पुरी झाली नाही. पण रचनाच कुणा एकाची न राहिल्याने ती सगळ्यांची झाली, आणि गांधीजींना हवं होतं त्यातलं निम्मं तरी यातून साधलं.

आता मशीन उघडू. वर्षानुवर्षं पडून राहिलेली मशीन फिरत नाही ती बहुतेक वेळा गंजाने नव्हे, सुकून डिंक झालेल्या तेलाने. खोबरेल किंवा खायचं तेल घातलेलं असेल तर हमखास. अशा वेळी चाकाला जोर लावू नये. प्रत्येक तेलाच्या भोकात थोडं रॉकेल सोडावं, रात्रभर राहू द्यावं, मग चाक मागेपुढे हलवत मोकळं करावं आणि शेवटी मशीनचंच पातळ तेल द्यावं. सुईखालची पट्टी काढली की कापड सरकवणाऱ्या दातांच्या खाली दोऱ्याचा भुसा दाबून बसून नमदा झालेला दिसतो. टाके लहानमोठे पडतात ते त्याच्यामुळे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की लोक बॉबिनला दोष देतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो: तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवला तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वर्ग १५ मध्ये सुईची सपाट बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. उलट लावली तर टाका पडतच नाही आणि मशीन बिघडली असं समजून ती कोपऱ्यात जाते.

बॉबिन केसचा ताण बघायला ती दोऱ्याने हवेत धरावी. आपोआप घसरत खाली आली तर ढिली, हलकासा झटका दिल्यावर बोटभर उतरली तर बरोबर. चाकाच्या मधला गोल खिळा सैल करूनही सुई थांबत नसेल, तर आतली तीन कानांची चकती उलटी बसली आहे. काढून अर्धा फेरा फिरवून बसवायची. पट्टा घसरत असेल तर थोडा कापून तार पुन्हा अडकवायची. हे सगळं दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा आणि जुना ब्रश यांत होतं.

एक गोष्ट करू नये. वेलबुट्टी उजळावी म्हणून स्पिरिट लावू नये. वरचा थर लाखेचा असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि सोनेरी चित्रं त्याच्याबरोबर जातात. मशीनच्या तेलाचा बोळा हळूहळू फिरवावा, मळ निघतो.

गांधीजींची सूट योग्य होती ती या कारणाने. ही मशीन मालकिणीला उघडता येते आणि बिघडली तरी तिच्या हाताबाहेर जात नाही.

वर्ध्यातल्या मगनवाडीत डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांवर राबले. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, म्हणजे ‘हिंद स्वराज’ची ती आवृत्ती निघाली त्याच साली. आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपी आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. त्या अठरांत मशीन दुरुस्त करणारा मात्र नाही. नवी मशीन मिळते, काही वर्षांत टेन्शनची स्प्रिंग जाते, आणि तालुक्यात हात लावणारं कुणी नसेल तर ती भंगारात जाते. जुन्या मशीनचं तर डोकं वजनावर जातं आणि बिडाच्या पायांवर काच टाकून हॉटेलात टेबल होतं.

मगनवाडीने पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे इथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी दुरुस्तीचा वर्ग काढावा. पहिल्या दिवशी प्रत्येकीने घरातली बंद पडलेली मशीन आणावी आणि सुईखालची पट्टी काढण्यापासून सुरुवात करावी.